पाहुण्यांची सोय

सोलापूरहून विहीणबाईंचं कार्ड आलं तेव्हा चन्नबसप्पा मळ्यात मोटेवर होते. कार्ड आधी चावडीत वाचून झालं, मग शाळेत, आणि तिसऱ्या वाचनानंतर ते त्यांच्या हातात पडलं. तेव्हाच्या टपालाची ती रीतच होती आणि तिचं कुणाला वाईटही वाटत नसे. पार्वतम्मांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं की नीलम्माला आता सातवा लागेल, पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत आम्हालाही मान्य आहे, परंतु आपल्याकडे सोय नाही असं कळतं. वैशाखात मी जातीनं येऊन पाहीन. सोय असली तर सून पाठवू, नसली तर बाळंतपण इथंच होईल. आणि कडेला, उरलेल्या बोटभर जागेत, मुंगीएवढ्या अक्षरांत नीलम्मानं लिहिलं होतं, "आप्पा, काहीतरी करा हो."

"सोय म्हंजी?" चन्नबसप्पांनी बायकोला विचारलं.

"सोय म्हंजी सोय," उमाबाई म्हणाल्या आणि डोळे पुसायला आत गेल्या.

त्यांना कळलं. परंड्याच्या पुढं भूमच्या वाटेला असलेल्या त्या गावात माणसाला लागतात त्या बहुतेक सोयी होत्या. ही एक तेवढी तुरीच्या रानात होती, आणि तूर काढली की ओढ्याच्या काठी. नीलम्मा याच ओढ्यावर लहानाची मोठी झाली होती. पण सोलापुरात म्युनिसिपालिटी होती, नळ होते, घरामागं दार लावता येईल अशी खोली होती, आणि पोटुशी सून पहाटे तांब्या घेऊन विंचवाकाट्यातून जाणार ही गोष्ट पार्वतम्मांना सोसणारी नव्हती. खरं सांगायचं तर चन्नबसप्पांनाही आता ती सोसेना. एकुलती एक लेक, लग्नाला तीन वर्षं झालेली, आणि तिच्या पहिल्या लेकराचं रडणं परक्या घरात व्हायचं! त्यांनी ठरवलं, संडास बांधायचा.

कसा बांधायचा हे त्यांनी आदल्या साली बार्शीच्या शेतकी प्रदर्शनात पाहून ठेवलं होतं. तिथं खादीतला एक माणूस हातात छडी घेऊन समजावत होता. पुरुषभर खोल चौकोनी खड्डा घ्यायचा, मागच्या अंगानं उतरायला पायऱ्या ठेवायच्या, वर फळ्या, फळ्यांवर भोकाची बैठक. दर वेळी वरून मूठभर राख आणि ओंजळभर वाळला पाला टाकायचा. वास नाही, माशी नाही, कुणा माणसाला डोक्यावरून वाहायला लागत नाही. एक खड्डा भरला की झाकायचा आणि शेजारचा दुसरा वापरायचा. वर्षानं पहिल्यातून चहाच्या भुकटीसारखं काळंभोर खत निघतं. बाकीचे लोक नाकाला उपरणं लावून हसत होते, चन्नबसप्पांनी मात्र दोनदा रांगेत उभं राहून ऐकलं होतं.

अडचण एकच होती, आणि ती ओसरीवर जपमाळ घेऊन बसलेली असायची. इरम्मा आत्या चन्नबसप्पांच्या वडिलांच्या बहीण. अकराव्या वर्षी कपाळ पांढरं करून माहेरी आल्या, त्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत इथंच. आई वारल्यावर चन्नबसप्पांना त्यांनीच वाढवलं. दोन वेळा आंघोळ, तीन वेळा लिंगपूजा. घरात अंगाला लावायचा साबण आला तेव्हा त्यांनी तो चिमट्यानं उचलून उकिरड्यावर टाकला होता. पूजेच्या जागेपासून पन्नास पावलांवर "असलं काही" होणार हे कळलं असतं तर त्यांनी त्याच पावली श्रीशैलाची वाट धरली असती. म्हणून चन्नबसप्पांनी ठरवलं की काम पुरं होईपर्यंत कुणाला काही बोलायचं नाही. आयुष्यात त्यांनी एवढा एकच कावेबाजपणा केला आणि तो त्यांना फार महाग पडला.

पहिल्यांदा पटवारी आडवा आला. एवढा खोल खड्डा आणि आतून पक्की चुनेगच्ची म्हटल्यावर तहसीलची इजाजत पाहिजे, म्हणाला. चन्नबसप्पा परंड्याला गेले. कचेरीत दहा माणसं उभी होती. त्यांच्यादेखत तो शब्द तोंडातून निघेना.

"कायकू होना खड्डा?" कारकुनानं विचारलं.

"घरच्या गरजेसाठी, साहेब."

"कितना गहरा?"

"पुरुषभर. चौकोनी. आत उतरायला तीन पायऱ्या."

कारकुनानं मान वर केली. समोरच्या माणसाच्या कपाळावरची विभूती पाहिली, गळ्यातलं लिंग पाहिलं आणि लेखणी खाली ठेवली. "घर में बुजुर्ग हैं कोई?"

"आत्या हायत. अठ्ठ्याहत्तरच्या." हा प्रश्न कुठून आला ते चन्नबसप्पांना कळलं नाही, पण कचेरीत प्रश्नाला प्रश्न करायचा नसतो. "साहेब, जरा जल्दी होना. सोलापूरहून मानसं येनार हायत."

"कब तक का अंदाजा है?"

"वैशाखापातूर उरकाया पायजे."

कारकुनानं उसासा सोडला, "सबर करो भाई," म्हणाला आणि शिक्का मारला. त्या कचेरीत कागद एका दिवसात, तोही बिनखर्चाचा निघाल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. चन्नबसप्पा घरी परतताना निजामाच्या कारभाराची वाटेत भेटेल त्याच्याशी स्तुती करत आले. कागद उर्दूत होता आणि त्यांना उर्दू येत नव्हती. तो त्यांनी कडुलिंबाचा पाला घातलेल्या डब्यात जपून ठेवला.

मग बैठक आणायला ते बार्शीला गेले. सुतारानं सागवानाची फळी छान घासूनपुसून, मध्ये लांबट गोल भोक पाडून दिली. परतीच्या गाडीत शेजारच्या मळ्यातल्या धुरपदाबाई होत्या. धुरपदाबाईंना सांगितलेली गोष्ट आणि चावडीत दवंडी पिटलेली गोष्ट यांत दवंडीची जरा उशिरा पोचायची. बार्शी इंग्रजी मुलखात, म्हणून सरहद्दीवर निजामाचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. नाकेदारानं पोतं सोडलं, फळी उभी धरली, भोकातून एकदा चन्नबसप्पांकडं आणि एकदा धुरपदाबाईंकडं पाहिलं.

"ये क्या है?"

"चौकट," चन्नबसप्पा म्हणाले. घाम फुटला होता. "फोटूची."

"किस का फोटो?"

घरात फोटो काढण्यासारखं कोण आहे? त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आत्याचा."

धुरपदाबाईंनी पदर तोंडाला लावला. पुढचे सात कोस त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि ही गोष्ट चन्नबसप्पांच्या ध्यानात यायला हवी होती.

खड्ड्याचं काम वीरप्पा गवंड्याकडं दिलं. वीरप्पा माणूस कामाचा, पण त्याच्या हाताला दोनच कामांची सवय होती, विहिरी बांधायची आणि लिंगायतांच्या समाध्यांची. लिंगायतांत माणूस बसवून पुरतात, चौकोनी खड्ड्यात, तोंडासमोर भिंतीत कोनाडा ठेवून. चन्नबसप्पांनी माप सांगितलं, पायऱ्या सांगितल्या, आणि "कुनाला बोलू नगं" असं बजावून मोटेवर गेले. वीरप्पानं मान हलवली. असल्या कामात बोलायचं नसतं हे त्याला बापानंच शिकवलं होतं. संध्याकाळी येऊन पाहतात तर खड्डा अगदी देखणा झालेला आणि भिंतीत सुबक कोनाडा.

"ह्यो कशाला?"

"लागतो," वीरप्पा हळू आवाजात म्हणाला.

तांब्या ठेवायला बरा होईल, असं म्हणून चन्नबसप्पांनी विषय सोडला.

मग ते राख जमवायला लागले. आळीतल्या चुलींची राख पाटीपाटीनं आली, चाळून पोत्यात भरली. ओढ्याकाठच्या बेलाखाली पाला भरपूर पडलेला असायचा, म्हणून बेलाचीच पानं गोळा केली. आता राख, बेलाची पानं, खड्डा, कोनाडा, चौकट आणि सोलापूरहून येणारी माणसं, हे सगळं गावानं एका ओळीत मांडलं. कार्डातली सोय म्हणजे बाळंतिणीची खोली असणार, असं चावडीनं केव्हाच ठरवून टाकलं होतं. गावाला दोष देण्यात अर्थ नाही. तुम्हीआम्ही असतो तरी तसंच मांडलं असतं. त्यातून वीरप्पानं शेजारी दुसरा खड्डा घेतला तेव्हा तर गाव हादरलं. चन्नबसप्पांना त्या महिन्यात खोकला होता.

गाव एकाएकी त्यांच्याशी फार गोड वागू लागलं. न्हाव्यानं दाढी करताना हूं की चूं केलं नाही. बांधावरून वीस वर्षं भांडणाऱ्या माणसानं आपणहून हातभर बांध सोडला. धुरपदाबाई दूध घेऊन आल्या आणि कुंपणाशी उभ्या राहून म्हणाल्या, "बसप्पा, येवडी घाई कशापायी वं? कुनासाटी ह्ये?"

"पाव्हण्यांसाटी," चन्नबसप्पा म्हणाले.

"व्हय. आपुन समदेच पाव्हणं," असं म्हणून धुरपदाबाई रडत घरी गेल्या.

चन्नबसप्पा घरात येऊन उमाबाईंना म्हणाले, "गावाला झालंय काय?"

"झालं असंल काईतरी. तुमी आदी दार बसवून घ्या," उमाबाई म्हणाल्या. त्यांना दिवसरात्र लेक दिसत होती.

पार्वतम्मा यायच्या आधी चार दिवस, सकाळी, चन्नबसप्पा फळ्या घेऊन गेले तर खड्ड्यात इरम्मा आत्या बसलेल्या. मांडी घालून, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर.

"गुडगं टेकत्यात रं," त्या खालून म्हणाल्या. "इतभर वाढवाया सांग वीरप्पाला. बाकी जागा झ्याक हाय. थंड हाय."

चन्नबसप्पांच्या हातातून फळ्या निसटल्या. गेल्या महिनाभरातलं कारकुनाचं, नाकेदाराचं, न्हाव्याचं आणि धुरपदाबाईंचं गणित त्यांना एका दमात सुटलं.

"आत्या, ह्ये..." त्यांनी सुरुवात केली.

"काई बोलू नगंस. मला समदं कळलं." आत्यांचा आवाज कापला. एरवी पाहुण्यारावळ्यांना, गड्यांना, गुरांना धारेवर धरणारा तो आवाज. "अकरा वर्सांची हुते मी आले तवा. भावाच्या घरात ऱ्हायले, भाच्याच्या घरात ऱ्हायले. कुनी वंगाळ वागवलं न्हाय, खोटं का बोलू. पर माज्यासाटी म्हनून कुनी कवा काई बांदलं न्हवतं. तू बांदलंस."

चन्नबसप्पा पहिल्या पायरीवर बसले आणि इतभर वाढवायला सांगतो म्हणाले.

ते चार दिवस त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात वाईट. खरं बोलावं तर आत्यांच्या जिवाला लागणार, न बोलावं तर लेक येणार नाही. उमाबाईंना सांगितलं तर त्या कपाळाला हात लावून बसल्या. आणि आत्या तर कामालाच लागल्या. चौकट त्यांना सापडली. फोटो काढायला परंड्याहून माणूस कधी येईल तो येवो, तोवर चौकट तरी लागू दे, म्हणून ती त्यांनी ओसरीच्या भिंतीला टांगून घेतली आणि वर झेंडूची माळ घातली. मठाच्या स्वामींना बोलावून दिशा पाहून घेतली. पूजा तेवढी मागाहून करू म्हणाले स्वामी, हे नशीब. आणि शाळेच्या मास्तरांकडून त्यांनी चन्नबसप्पांना न कळवता बारा कार्डं लिहून घेतली. सोमवारी येऊन भेटून जावं, मग भेट नाही.

सोमवारी माणसं लोटली. भूमची आली, वाशीकडची आली, फटाक्यांच्या धंद्याच्या तेरखेड्याहून एक चुलतभाऊ शोभेच्या दारूची पेटीच घेऊन आले, का ते कुणी विचारलं नाही. पस्तीस माणूस आणि अकरा गाड्या. आत्या खड्ड्यात मांडी घालून बसल्या होत्या, कपाळभर विभूती, आणि एकेकाला पायरी उतरून पाया पडू देत होत्या. कुणाला आशीर्वाद, कुणाला चाळीस वर्षांपूर्वीच्या लग्नातल्या मानपानाबद्दल चार शब्द. पुष्कळ दिवसांत त्या एवढ्या खुशीत कुणी पाहिल्या नव्हत्या.

आणि बाराच्या उन्हात कुर्डुवाडीकडून छकडा आला. त्यातून पार्वतम्मा उतरल्या, आणि त्यांच्यामागून, कंबरेला हात देत, नीलम्मा. बारा कार्डांतलं एक सोलापूरलाही गेलं होतं, आणि आत्याआजी जाणार म्हटल्यावर तिला मागं ठेवणं विहीणबाईंना जमलं नव्हतं. उमाबाईंनी लेकीला उराशी धरलं तेव्हा दोघींच्या मधल्या पोटाची अडचण होऊन दोघी रडता रडता हसल्या. चन्नबसप्पांनी छकड्यातलं बोचकं उतरवून घेतलं.

पार्वतम्मांनी मात्र इकडंतिकडं पाहिलं. गोरी, जाडजूड, करारी बाई. पण चेहरा विचित्र ओढल्यासारखा झाला होता. त्या व्याह्यांजवळ आल्या आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाल्या, "इवाई, आत्यांना भेटते मी. आधी सोय कुठं आहे ते सांगा. कुर्डुवाडीपासून आवरून धरलंय."

चन्नबसप्पांनी खड्ड्याकडं पाहिलं. खड्ड्यात आत्या होत्या. नीलम्मा बापाकडं पाहत होती, कार्डाच्या कडेला लिहिलं होतं त्याच नजरेनं.

"सोय..." चन्नबसप्पा म्हणाले आणि मग एकदम सगळ्या पस्तीस माणसांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "सोय ह्यी हाय! ह्यो संडास हाय! म्या लेकीसाटी बांदला, समाधी न्हाय ती, संडास हाय! आत्या, मला माफी करा, माजी जीभ उचलली न्हाय!"

बैलांनीसुद्धा माना हलवायच्या थांबवल्या, असं पुढं धुरपदाबाई सांगत. इतकी वर्षं सांभाळलेली अब्रू चन्नबसप्पांच्या पायाशी पडली होती आणि ते तिच्याकडं बघायलाही तयार नव्हते. त्यांचं सगळं ध्यान आत्यांच्या चेहऱ्याकडं होतं. आत्यांनी समोरच्या कोनाड्यावरून एकदा हात फिरवला. मग त्यांनी मान वर करून नीलम्माकडं पाहिलं, तिच्या पोटाकडं पाहिलं.

"कितवा गं?"

"सातवा सरत आला, आज्जी."

"मग मुडद्या, ह्ये आदी न्हाय का सांगायचं?" आत्या चन्नबसप्पांवर कडाडल्या. "म्या गुडगं टेकत्यात म्हनून खड्डा वाढवून घेतला आन् पोरगी तिकडं ताटकळत ऱ्हायली! हात द्या मला. वर काडा. आन् ती फोटूची चौकट कशाची हाय ते बी आता सांगून टाक."

त्यांनी सांगितलं. आत्यांनी डोळे मिटले, "शिव शिव" म्हटलं आणि माळ तेवढी काढून घेऊन चौकट खाली आणायला सांगितली.

मग जे झालं ते त्या शिवारानं आधी कधी पाहिलं नव्हतं. शेवटच्या भेटीला आलेल्या माणसांनी पागोटी काढून ठेवली आणि कामाला लागली. कुणी फळ्या बसवल्या, कुणी गाडीचे तट्टे सोडून आडोसा उभा केला, वीरप्पानं खाली मान घालून बैठक ठोकली. धुरपदाबाईंनी राखेचं पोतं ओढत आणलं आणि "मला वाटलंच हुतं" असं तीनदा म्हणाल्या. तासाच्या आत सगळं तयार. दार मात्र लावायचं राहिलं होतं, तिथं उमाबाईंनी घोंगडी टांगली. पार्वतम्मा आत गेल्या. बाहेर सगळी मंडळी मोठ्या अदबीनं पाठ करून उभी राहिली, आणि घोंगडी वाऱ्यानं उडू नये म्हणून तिचं टोक धरून इरम्मा आत्या बसल्या. साबण चिमट्यानं उचलणाऱ्या आत्या. आतल्या बाईला संकोच वाटू नये म्हणून त्या मोठमोठ्यानं जप करत होत्या.

पार्वतम्मा बाहेर आल्या तेव्हा चेहरा निवळला होता. मुठीत राख घेऊन त्यांनी कुणी न सांगता आत टाकली, हात धुतले आणि व्याह्यांसमोर उभ्या राहिल्या.

"अय्यो, इवाई, आमच्या सोलापूरच्यापेक्षा बरंय की! वास नाही," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "पस्तीस माणसांत सांगितलंत लेकीसाठी. माझ्या बापानं नसतं सांगितलं. पोरगी ऱ्हाऊ दे इथंच. पण दार लावा, आणि दाराला कडी."

आषाढात नीलम्माला मुलगी झाली. तिचं पहिलं रडणं चन्नबसप्पांनी मोटेवरून ऐकलं आणि बैल तसेच सोडून धावले.

तहसीलच्या कागदाचा उलगडा पुढं झाला. त्यात मळ्याचा तो कोपरा मुसम्मात, म्हणजे श्रीमती, इरम्मा यांची समाधी म्हणून लागला होता, निजामी साल फसली तेराशे त्रेपन्न. दुरुस्तीसाठी आत्या जिवंत असल्याचे साक्षीदार मागितले. साक्षीदार नेले, तर ते आत्यांच्या अंत्यदर्शनाला हजर होते असं पटवाऱ्यानं दाखवून दिलं. चन्नबसप्पांनी नाद सोडला. पुढं निजामाचं राज्य गेलं, कागद मराठीत आले, पण आत्या कागदावर मयत त्या मयतच राहिल्या. त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. पहिल्या खड्ड्याचं खत निघालं ते त्यांनीच उभं राहून एका ईडलिंबाच्या रोपाला घालून घेतलं. हात मात्र लावला नाही. ते झाड असं फोफावलं की लिंबं वाटायला घरं पुरेनात.

बारा वर्षांनी एका फाल्गुनात आत्या अंथरुणाला खिळल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी चन्नबसप्पांना जवळ बोलावून ईडलिंबाखालची जागा सांगितली. "माप नीट घे," म्हणाल्या. "गुडगं टेकू देऊ नगंस." वीरप्पा आता म्हातारा झाला होता, म्हणून चौथ्या दिवशी सकाळी, आत्यांचा जीव आहे तोवरच, चन्नबसप्पा स्वतः कुदळ घेऊन खड्ड्यात उतरले होते.

धुरपदाबाई लेकीकडं गेल्या होत्या, त्या त्याच सकाळी परतल्या. बांधावरून त्यांना चौकोनी खड्डा दिसला आणि त्यांनी हसत हाक मारली, "का वं बसप्पा, आनिक एक संडास? आता कोन पाव्हणं यायचं हायत?"

चन्नबसप्पांनी कुदळ टेकवली. या वेळी त्यांची जीभ उचलली.

"यायचं न्हायत, धुरपदाबाई. जायचं हायत. आत्यांसाटी बांदतोय."

आणि ते तिथंच पायरीवर बसून लहान पोरासारखे रडले. धुरपदाबाई घरी गेल्या, चुलीतली राख चाळली आणि पाटीभर घेऊन आल्या. समाधीला चुलीची राख चालत नाही, विभूती लागते. पण चन्नबसप्पांनी ती पाटी दोन्ही हातांनी घेतली आणि कोनाड्याखाली ठेवली.